नळाचे पाणी पाहून मासे निवडा

ज्या गावात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येण्याऐवजी पाण्यावर पांढरट साका धरतो आणि पाणी तापवण्याच्या भांड्याच्या आत वर्षभरात कठीण पांढरा थर जमतो, त्या गावातल्या शाळेने निऑन टेट्रा हे मासे आणू नयेत. दुकानात ते कितीही सुंदर दिसले, निळ्या-लाल रेघेने मुले कितीही हरखली, तरी आणू नयेत. त्याऐवजी कोणते आणावेत आणि का, हे या लेखात पाहू.

अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. बोलण्यात आपण त्याला जड पाणी म्हणतो. (अणुभट्टीतले जड पाणी ते वेगळे, वर्गात हा प्रश्न हटकून येतो, म्हणून आधीच सांगून टाकावे.) महाराष्ट्रातल्या अनेक शाळांना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मिळते आणि ते बहुधा दुष्फेनच असते. शाळेत मत्स्यपेटी येते, आठ-पंधरा दिवसांत एखादा मासा उलटा होऊन तरंगू लागतो, त्याच्या जागी दुसरा आणला जातो, मग तिसरा. दोष कधी खाद्याला दिला जातो, कधी दुकानदाराला. यातून मुले जीवशास्त्र शिकत नाहीत. जीव म्हणजे बिघडला की बदलायचा सुटा भाग, एवढेच शिकतात. मत्स्यपेटी ठेवण्याचा हेतू याच्या नेमका उलट असतो. म्हणून आधी पाणी समजून घ्यावे, मग मासे आणावेत, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

पाणी दुष्फेन कसे होते

पावसाचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. ते जमिनीत मुरताना मुळांच्या व जीवाणूंच्या श्वसनातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. पुढे ते खडकाच्या भेगांतून झिरपते. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे, त्यातील खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. सौम्य आम्ल ही खनिजे हळूहळू विरघळवते व पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे आयन येतात. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे त्यात भर घालतात. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकाशी लगटून राहिले, तितके ते अधिक दुष्फेन. पावसाळ्यात भरणाऱ्या तलावांचे पाणी मात्र खडकाशी फारसे सलगी करत नाही. म्हणून मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाकडून येणारे पाणी सुफेन आहे, आणि मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी त्याच्या कितीतरी पट दुष्फेन.

दुष्फेनता मोजताना ती कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, दर लिटरला किती मिलिग्रॅम, अशी सांगतात. १८० च्या वरचे पाणी अतिदुष्फेन समजले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत बहुधा जर्मन अंश वापरतात; एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे लोक पेनासारखे एक यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज असतो, दुष्फेनतेचा नव्हे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात हा आकडा फार मोठा येईल. पण तिथे त्यात सोडियमच्या क्षारांचा वाटा मोठा असतो. पाणी खारे असणे आणि दुष्फेन असणे या दोन गोष्टी आहेत, एकत्र असू शकतात, पण एक नव्हेत.

कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा जवळ असेल तर मोजमाप अगदी सोपे आहे. ५० मिलिलिटर पाण्यात अमोनियाचे बफर द्रावण आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालावा. पाणी द्राक्षासवासारखे लालसर होते. त्यात ०.०१ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत रंग स्वच्छ निळा झाला की थांबावे. जितके मिलिलिटर लागले त्याला २० ने गुणले की दुष्फेनता मिळाली. दुसरा आकडा हवा अल्कतेचा, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचा. १०० मिलिलिटर पाण्यात मिथिल ऑरेंज टाकून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करावे व आलेल्या मिलिलिटरना ५० ने गुणावे. हे दोन आकडे मत्स्यपेटीच्या काचेवर कागद चिकटवून लिहून ठेवावेत.

तिसरी गोष्ट पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. बोअरचे पाणी काढल्या काढल्या मोजले तर सामू ७.२ च्या आसपास दिसेल आणि तेच पाणी बादलीत रात्रभर हवा सोडून ठेवले तर सकाळी ८ च्या वर गेलेले आढळेल. जमिनीखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणून असे घडते. माशांना राहायचे असते ते या दुसऱ्या पाण्यात. तेव्हा मोजायचे तेही दुसऱ्या दिवशीचे पाणी. सामू-कागदाने सातवी-आठवीची मुलेसुद्धा हा प्रयोग करतील.

माशाच्या शरीरात काय चालते

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारे असते. परासरणाच्या नियमानुसार पाणी सतत कल्ल्यांतून शरीरात शिरते आणि क्षार बाहेर झिरपू पाहतात. म्हणजे मासा ही गळकी होडी आहे. आत आलेले पाणी उपसण्याचे काम मूत्रपिंडे करतात. हे मासे मुद्दाम पाणी पीत नाहीत आणि भरपूर पातळ मूत्र टाकतात. गेलेले क्षार परत मिळवण्याचे काम कल्ल्यांतील खास पेशी करतात. या सगळ्याला ऊर्जा लागते.

पाण्यातील कॅल्शियम इथे मदतीला येते. कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे त्यामुळे घट्ट राहतात, गळती कमी होते. म्हणून दुष्फेन पाणी हे बहुतेक माशांना मारक नसते, उलट काहींना ते सोयीचेच असते. अडचण येते ती कॅल्शियमशिवाय जगायला सरावलेल्या माशांची. दक्षिण अमेरिकेतील रिओ निग्रो या नदीचे नावच मुळी काळी नदी. कुजलेल्या पाल्यातील द्रव्यांमुळे तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, सामू ४ ते ५ च्या दरम्यान आणि क्षार जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके कमी. निऑनचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा तिथला आहे. इतक्या रित्या पाण्यातून क्षार राखून ठेवण्याची त्याच्या कल्ल्यांची क्षमता असाधारण आहे. निऑन, कार्डिनल, डिस्कस, रॅम हे सगळे अशा मऊ पाण्याच्या प्रदेशातले. शेततळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले निऑन मध्यम दुष्फेन पाण्यात काही काळ राहतात, हे खरे. पण त्यांची अंडी अशा पाण्यात क्वचितच उबतात. राहणे आणि नांदणे यांत फरक आहे, आणि शाळेच्या पेटीत आपल्याला मासे नांदलेले पाहायचे असतात.

पाणी बदलू नये का?

हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो, आणि दुकानात त्याचे उत्तर बाटलीत भरून मिळते. सामू उतरवणारी आम्लाची बाटली आम्ही घेऊ देणार नाही. ज्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे त्यात आम्ल टाकले की ते बायकार्बोनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, सामू तात्पुरता उतरतो. रात्रीतून तो वायू उडून जातो व सामू पुन्हा चढतो. मग आणखी आम्ल. माशाला चढलेला पण स्थिर सामू सोसतो, रोजचा हा झोका सोसत नाही. (अनुमापन करताना वर्गात हेच घडवून दाखवता येते, बफर म्हणजे काय हे समजावण्याचा याहून चांगला प्रसंग नाही.)

धुण्याच्या यंत्रासाठी किंवा इमारतीसाठी बसवलेले मृदुकारक यंत्रही उपयोगाचे नाही. ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालते. साबणाला फेस येतो, पण माशाच्या दृष्टीने क्षार होते तेवढेच राहिले. आरओ यंत्राचे पाणी खरोखरच क्षारमुक्त असते. मात्र लिटरभर पाण्यासाठी बरेच पाणी वाया जाते, आणि ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे माशांसाठी असे पाणी सांडणे आम्हाला पटत नाही. राहिले पावसाचे पाणी. पहिल्या दोन-चार सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर स्वच्छ पत्र्यावरून किंवा कौलांवरून साठवलेले पाणी उत्तम. ४०० दुष्फेनतेच्या पाण्यात तेवढेच पावसाचे पाणी मिसळले की २०० झाले. सातवीच्या मुलांना हे गणित घालावे. पण पावसाळा चार महिन्यांचा आणि मासे बारा महिन्यांचे. साठवणीची सोय नसेल तर हाही मार्ग सोडून द्यावा व आहे त्या पाण्याला साजेल असा मासा शोधावा.

मग मासे कोणते?

पहिला मान गप्पीचा. गप्पी आपल्याकडे परका राहिलेला नाही. हिवताप व डेंग्यू पसरवणाऱ्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग हौदांत, टाक्यांत गप्पी सोडतो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याचा व त्रिनिदादसारख्या बेटांचा. आपल्या हौदातले दुष्फेन, उन्हाने तापलेले पाणी त्याला मानवते म्हणूनच ही योजना चालते. मत्स्यपेटीसाठी गप्पी ज्या कारणाने योग्य, त्याच कारणाने तो आरोग्य खात्याला योग्य, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

गप्पी, मोली, प्लॅटी आणि तलवारशेपटी हे चारही मासे अंडी घालत नाहीत, पिले देतात. फलन मादीच्या शरीरातच होते आणि गर्भ महिनाभर तिथेच वाढतो. बाहेरच्या पाण्यातले कॅल्शियम अंड्याला लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्लॅटी व तलवारशेपटी मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. पुस्तकांत या दोघांना व गप्पीला साधारण ९ ते १९ जर्मन अंश, म्हणजे १६० ते ३४० दुष्फेनता चांगली असे दिलेले असते. मोलीला त्याहून बरीच जास्त, ३० अंशांपर्यंत. तेव्हा आपला आकडा ४०० च्या पुढे असेल तर सुरुवात मोलीने करावी. किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या पाण्यातही मोली राहते, त्यामुळे खारपाण पट्ट्यातल्या शाळेनेही तिचाच विचार करावा. गंमत म्हणजे हीच मोली मुंबईच्या सुफेन पाण्यात कुढते. एका जागी उभी राहून अंग थरथरवत राहते. तिथल्या शाळांनी या लेखातला सल्ला उलटा करून वाचावा.

आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड माशांना सगळेच दुष्फेन पाण्याचे मासे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण आकडे पाहिले की नवल वाटते. टांगानिकाची दुष्फेनता २०० च्या आसपास, सामू ९ च्या जवळ. मलावीचे पाणी तर १०० च्याही खालचे, फक्त अल्कधर्मी. म्हणजे आपल्याकडचे कित्येक बोअर या दोन्ही सरोवरांना मागे टाकतात. तरी हे मासे मध्यम दुष्फेन पाण्यात उत्तम राहतात. अडचण पाण्याची नाही, स्वभावाची आहे. मलावीचे बहुतेक सिक्लिड भांडकुदळ. दोन फुटी पेटीत एक दादा होतो आणि बाकीचे कोपऱ्यात दबून मरतात. टांगानिकातले शंखात राहणारे इटुकले सिक्लिड मात्र छोट्या पेटीतही संसार थाटतात. गोगलगाईचे रिकामे शंख वाळूत ठेवले की प्रत्येक जोडी आपापला शंख निवडते, भोवतीची वाळू तोंडाने उकरते, पिलांची राखण करते. प्राण्यांचे वर्तन शिकवायला यासारखे दृश्य नाही. मोठ्या शहरांतच मिळतात आणि महाग असतात, एवढे लक्षात ठेवावे. सिक्लिडच्याच कुळातली चिलापी आपल्या धरणांत किती फोफावली आहे हे मुलांना ठाऊक असतेच. तीही मूळची आफ्रिकेची.

भारतात सिक्लिड कुळाचे देशी मासे मोजून तीन. त्यांपैकी नारिंगी क्रोमाइड हा लहानखुरा मासा मत्स्यपेटीत छान रुळतो. दुसरा, गोव्यात ताटात येणारा काळुंदर, शाळेच्या पेटीसाठी फार मोठा होतो. देशी माशांत झेब्रा डॅनिओ आणि गुलाबी बार्ब हे दोघे बऱ्याच प्रकारच्या पाण्याशी जुळवून घेतात; ३०० पर्यंतच्या पाण्यात आम्ही ते सुचवू. केरळच्या नद्यांतला लाल रेघेचा डेनिसन बार्ब मात्र टाळावा. तो संकटग्रस्त आहे, आणि मत्स्यपेट्यांच्या हौसेसाठी झालेली पकड हे त्याचे एक मोठे कारण आहे.

गोल्डफिश दुष्फेन पाणी सहज सोसतो. सोसत नाही तो काचेचा गोल वाडगा. हा कार्पच्या कुळातला मासा वीतभर वाढतो, भरपूर खातो व भरपूर घाण करतो. शाळेत वाडगा ठेवायचा असेल तर त्यात फुले ठेवावीत.

वनस्पतींबाबत फार काही सांगायला नको. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात आपण जी हायड्रिला वापरतो ती, आणि व्हॅलिसनेरिया, या दोन्ही बायकार्बोनेटमधला कार्बन वापरू शकतात. त्या प्रयोगात चिमूटभर खाण्याचा सोडा का घालतात याचे उत्तर इथे आहे. दुष्फेन पाण्यात त्या जोमाने वाढतात आणि कडक प्रकाशात पानांवर पांढरी भुकटी धरतात. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते. आम्लाचा थेंब टाकला की फसफसते.

दुष्फेन पाण्याचा खरा धोका

योग्य मासे आणूनही ते मरतात, तेव्हा कारण बहुधा अमोनिया असतो. माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून तो पाण्यात येतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात. अमोनियम आयन बराचसा निरुपद्रवी, मुक्त अमोनिया विषारी. कोणते रूप किती, हे सामूवर ठरते. २५ अंश सेल्सियसला, सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो आणि ८.५ ला १५ टक्क्यांवर. मुंबईच्या पेटीत जेवढी घाण खपून जाते, तेवढीच घाण बोअरच्या पाण्यात दहा-वीस पट विषारी ठरते. बरेच लोक दुष्फेनतेला दोष देतात तो इथे द्यायला हवा.

यावर उपाय जीवाणूंचा. वाळूत व गाळणीत वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. या कामात अल्कता खर्ची पडते, आणि ती आपल्या पाण्यात मुबलक असल्यामुळे सामू कोसळण्याची भीती नसते. जे बायकार्बोनेट अमोनियाला विषारी करते, तेच अमोनिया संपवणाऱ्या जीवाणूंना साथ देते. तेव्हा दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत पहिला महिनाभर चार-पाच लहान मासेच ठेवावेत, खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. पेटी भरल्या दिवशीच वीस मासे सोडण्याचा समारंभ करू नये. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन असले तरी करू नये.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका टाकीत टीसीएल पावडर टाकते, तेव्हा नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे, किंवा प्रयोगशाळेतल्या हायपोचे दोन-चार बारीक कण बादलीभर पाण्यात विरघळवावेत.

दुकानातून मासे आणल्यावर पिशवी पेटीत तरंगत ठेवण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. त्याने फक्त तापमान सारखे होते, क्षार होत नाहीत. मुंबई-पुण्याच्या दुकानातून आणलेला मासा सुफेन पाण्यातला असणार. पिशवीतले पाणी व मासा एका भांड्यात घेऊन, दर दहा मिनिटांनी पेटीतले कपभर पाणी घालत, तास-दीड तासाने मासा पेटीत सोडावा.

आणि उन्हाळा. आपल्या पेटीत सुमारे ५० लिटर पाणी मावते असे धरू. चैत्र-वैशाखात त्यातले आठवड्याला ५ लिटर सहज उडून जाते. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात, मिठागरात राहतात तसेच. ४०० दुष्फेनतेचे ५ लिटर पाणी वरून घातले की २००० मिलिग्रॅम क्षार वाढले, म्हणजे दर लिटरला ४०. असेच दहा आठवडे केले तर ४०० चे ८०० होतील (काही भाग काचेवर पांढरा थर होऊन बसेल, पण सगळा नाही). याउलट दर आठवड्याला १० लिटर जुने पाणी काढून १५ लिटर नवे घातले, तर आकडा ६०० च्या पुढे जात नाही. का जात नाही, हे समीकरण मांडून नववीच्या मुलांना शोधू द्यावे. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, त्यात नायट्रेट असते.

गप्पी आणले असतील तर पावसाळ्यापर्यंत पाचाचे पन्नास होतात. नर-मादी वेगळे ठेवले तरी मादीने साठवलेल्या शुक्राणूंमुळे पुढचे काही महिने पिले येतच राहतात. वाढलेले गप्पी शेजारच्या शाळेला द्यावेत, किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारून बंदिस्त हौदात सोडावेत. ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. तिथल्या देशी लहान माशांचे खाद्य आणि त्यांची अंडीही ते खातात.